बर्फातला तो म्हातारा

वालावल,
९ जानेवारी

प्रिय शर्मिला,

पत्र बघून दचकली असशील. हातात फोन असताना, आणि वालावलहून मालवण फार तर दोन तासांवर असताना, ही बाई पत्र कसलं लिहिते? पण गेल्या महिन्यात मी दोनदा मालवणला येऊन गेले. दोन्ही वेळा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली आणि दोन्ही वेळा रिक्षावाल्याला म्हटलं, परत स्टँडवर चल. तोंडाने सांगणं मला जमणार नाही हे तेव्हा कळलं. सावकाश वाच. घरात कोणी नसताना वाच.

गेल्या हिवाळ्यात मी गंधारकडे कॅनडात होते तेव्हाचे बर्फाचे फोटो तुला आवडायचे. शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर रोज एक टाकायचे, आणि पहिला अंगठा तुझाच असायचा. त्यातल्या शेवटच्या फोटोखाली तू विचारलं होतंस, "ह्यो म्हातारो कोण गो?" मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर फोटो टाकणंच थांबवलं. तुला वाटलं असेल, थंडीने कंटाळली.

कंटाळले नव्हते गं. गंधारचं ते गाव एवढंसं. एक रेल्वे फाटक, एक चर्च, दोन दुकानं आणि गावाला लागून गोठलेलं तळं. सकाळी तो आणि भार्गवी कामावर गेले की मी एकटी. साठाव्या वर्षी सुनेने मला कॅमेरा शिकवला. सुरुवातीला माझा सगळा बर्फ राखेच्या रंगाचा यायचा. भार्गवी म्हणाली, "आई, एवढं पांढरं दिसलं की कॅमेरा घाबरतो, त्याला थोडा जास्त उजेड द्यायचा." थंडीत बॅटरी लगेच मान टाकते, म्हणून जादाची बॅटरी मी स्वेटरच्या आत पोटाशी धरून चालायचे. टपालपेटीवर चढलेली पांढरी टोपी, कुणी काढायची विसरलेली कपड्यांची दोरी, फाटकाजवळचा एकटाच दिवा. माणूस फोटोत येऊ नये म्हणून थांबून राहायचे. शाळेत एकतीस वर्षं पोरांच्या गलक्यात काढल्यावर ती शांतता मला प्रसादासारखी वाटायची.

आपल्याकडे काहीही पडलं तरी सांगून पडतं. नारळ पडतो, झावळ पडते, अख्खी वाडी मान वर करते. तिथे सकाळी पडदा सारला की कळायचं, रात्रभर काहीतरी पडत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता. सुरुवातीला त्याची गंमत वाटली. मग मागून कुणीतरी चालत येतंय असं वाटायला लागलं. वळून बघावं तर माझ्याच पावलांची रांग. तळ्यावर बर्फाचं धुकं उतरलं की मला आपली खाडी दिसायची, पौषातली, पहाटेची. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभी राहायचे आणि फोटो न काढताच घरी परतायचे. गंधारला सांगितलं, थंडी बाधते.

तो म्हातारा म्हणजे वॉल्टर, पलीकडच्या गल्लीतला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तळ्याच्या वाटेवर उभा होता. बर्फ संथ पडत होता. त्याने चेहरा वर केलेला, पापण्यांवर बर्फ साठलेला. त्या एकदाच मला माणूस फोटोत हवासा वाटला. मला बघून तो हसला, वर बोट दाखवून इंग्रजीत म्हणाला, "किती सुंदर पडतोय, नाही?" मी मान डोलावली, फोटो काढला आणि घरी आले. फोटो गटावर टाकला. संध्याकाळी भार्गवी सांगत आली, वॉल्टर सकाळपासून सापडत नाही, त्याला विसरायचा आजार आहे. दुसऱ्या दिवशी तो तळ्यापलीकडे गोठून मेलेला सापडला. फोटो मोठा करून बघितला तेव्हा दिसलं, त्याच्या पायात घरातल्या सपाता होत्या. मी उजेड बघितला, पापण्या बघितल्या. पाय बघितले नाहीत.

गंधार म्हणाला, "आई, तुला काय माहीत होतं? कुणाला काही सांगू नकोस." पण चौथ्या दिवशी मी कॅमेरा घेऊन त्याच्या मुलीकडे गेले. पन्नाशीची बाई, डोळे सुजलेले. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. तिने फोटो बघितला, सपातांवर बोट ठेवलं. मग एवढंच विचारलं, तो घाबरलेला होता का? मी म्हटलं, नाही, हसत होता. जे बोलला ते सांगितलं. तिने मला तेच पुन्हा सांगायला लावलं. तीनदा. मग खुर्चीत बसली आणि ओक्साबोक्शी रडली. चार दिवसांत पहिल्यांदाच रडतेय, असं तिचा नवरा म्हणाला. निघताना तिने माझे दोन्ही हात धरून माझे आभार मानले. माझे! तिथून मी सरळ घरी गेले नाही. फाटकाशेजारच्या बाकावर बर्फातच बसले. तिथे बसून मला दुसरा बाक आठवत होता, तुझ्या लेकीच्या, अक्षयाच्या बाळंतपणातला, दवाखान्यातला. तेव्हा तू मला तुझ्या आईबद्दल एकदाच सांगितलं होतंस, "मी आवशीक मर म्हटलंय, नि ती जावन मेली." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. त्याच हाताची मला तिथे, त्या बर्फात, किळस आली.

सहावीत होतो आपण. तुझे वडील मुंबईला गिरणीत, घरात तू आणि तुझी आई, माझी यशोदाकाकी, दोघीच. स्नेहसंमेलनातला मुख्य नाच तुझा होता, काकी नको म्हणाली, आणि बाईंनी तो मला दिला. तू मला चोरटी म्हणालीस, आपलं बोलणं तुटलं. त्या संध्याकाळी तू काकीवर केलेली आरडाओरड अख्ख्या वाडीने ऐकली. दुसऱ्या दिवशी दुपारी काकी खाडीत सापडली तेव्हा लोकांनी तेच धरलं. लेकीने मर म्हटलं, बाईने जीव दिला. तुझ्यासमोरही बोलले लोक. नाच मीच केला, तू समोर बसली नव्हतीस.

त्या सकाळी मी दूध आणायला निघाले होते, शर्मिला. पाणंदीत यशोदाकाकी भेटली. पदर कमरेला खोचलेला, काखेत टोपली. सुकती लागून खाडीचं पाणी ओसरलं होतं, ती तिसऱ्यांचे शिंपले काढायला खाडीवर चालली होती. ती टोपली पुढे मिळालीच नाही, म्हणून ती तिसऱ्यांना गेली होती हे कुणाला कळलं नाही. मी बघितली होती. धुक्यात पाय घसरला असेल, पाणी परत चढलं असेल, ते मला माहीत नाही. पण मरायला निघालेली बाई अशी थांबत नाही, असं बोलत नाही. तिने मला थांबवून तुझ्यासाठी निरोप दिला होता. मी तो मुद्दाम दिला नाही. दिला असता तर नाच तुझा झाला असता, एवढ्यासाठी. दुपारी ती सापडली आणि मग मला भीती वाटली, सगळे विचारतील, सकाळीच का नाही बोललीस? एक दिवस गेला, मग वर्ष गेलं, मग एकोणपन्नास वर्षं. तू अक्षयावर कधी आवाज चढवला नाहीस, तिसऱ्यांना कधी हात लावला नाहीस, हे मी शेजारी बसून बघत राहिले. हे वाचून तुझं ओझं उतरेल की नवीन चढेल, मला सांगता येत नाही. मला माफ कर, असंही म्हणत नाही. पण निरोप तुझा आहे, तो मी अजून धरून ठेवू शकत नाही. शब्द तिचेच आहेत, त्यातला एकही मी विसरलेले नाही: "आनंदी, शर्मिलाक सांग गो, राग धरू नको. तिसरे घेऊन येतंय, तिका आवडतत तसे सुके करतंय. आणि नाचाचा म्हणशीत तर बाईंका मी आजच सांगतंय, माझी शर्मिलाच नाचतली."

तू अजून म्हणू देशील तर तुझीच,
आनंदी