सात आडवा

धुळे, ता. ७ फेब्रुवारी १९९१

चि. सौ. सुनंदास पितांबरनानाचे अनेक आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? लताच्या डोळ्यावरची रांजणवाडी बसली का? मी धडधाकट आहे, पण हातून भलतंच घडलंय. रागाव, पण पुरतं वाच.

माझी खोड तुला ठाऊक आहे. साप्ताहिकाच्या शब्दकोड्याचा कच्चा कागद करताना मी ओळखीचीच माणसं घालतो, शब्द पटकन सुचतात. पक्क्यात नावं काढतो. या वेळी विषय लिखाणाच्या दुरुस्तीचा: खाडाखोड, काटछाट, पुनर्लेखन. आणि सात आडव्याला लिहून बसलो, "फैजपूरच्या रतिलालने मुलाच्या बायोडाटात केलेला उद्योग, अक्षरे चार." उत्तर, फेरफार. छापखान्यात कच्चाच कागद गेला. गठ्ठे एस.टी.ने सुटले तेव्हा पक्का माझ्या सदऱ्याच्या खिशात सापडला.

बी.कॉम.पुढचं 'पास' दुसऱ्या टाइपरायटरचं दिसतं, हे तू पोटात ठेवायला सांगितलं होतंस. रतिलालभाऊ दर रविवारी माझं कोडं सोडवतात. त्याच ओळखीतून तर तुझ्या लताची त्यांच्या मुलाशी सोयरीक जमली. काय करू ते उलट टपाली कळव.

तुझा,
नाना

जळगाव, ता. १३ फेब्रुवारी

ती. नानांस शि. सा. न.

तुमच्यावर एवढी रागावले की दोनदा पत्र लिहून फाडलं. दारात सायकल वाजली की पोस्टमनच आला म्हणून धावायचे.

आज फैजपूरहून पाकीट आलं. आत तुमचं कोडं, रतिलालभाऊंनी पेनने भरलेलं. सात आडव्यात ठसठशीत फेरफार. अकरा उभा, "चुकलेलं खोडून खरं लिहिणं, अक्षरे तीन", तेवढा कोरा. सोबत मुलाने, अभिमनने, स्वतःच्या हाताने लिहिलेला नवा बायोडाटा: बी.कॉम.चा एक विषय राहिलाय, ऑक्टोबरला बसणार. बाकी एक शब्द नाही.

मला हायसं वाटलं, पण लताने स्वतःचा बायोडाटा मागितला. नाना, तुमच्यापासून काय लपवू, तिचं वय मीच दोन वर्षांनी कमी लिहिलं होतं. तिने ते खोडलं, खरं लिहिलं, आणि मी हात धरला तरी टपालात टाकून आली. मुलापेक्षा वर्षाने मोठी निघते ती. आता सोयरीक राहते की जाते, जीव टांगणीला लागलाय.

तुमची,
सुनंदा

धुळे, ता. १८ फेब्रुवारी

चि. सौ. सुनंदास आशीर्वाद.

काल रतिलालभाऊ आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. लताचा कागद माझ्यापुढे ठेवून विचारलं, हे अक्षर मुलीचं का आईचं. मुलीचं, म्हटलं. मग म्हणाले, ते 'पास' मीच टाइप केलं होतं, पोराला पत्ताही नव्हता. कागद घडी करून खिशात ठेवला, चहा मागितला, दोन कप प्याले, आणि चपला घालता घालता अकरा उभ्याचं उत्तर विचारलं.

मी सांगितलं नाही. म्हटलं, ते लताला येतं. येत्या रविवारी अभिमनला घेऊन तुमच्याकडे येताहेत.

पुढच्या कोड्याचा कच्चा कागद सोबत आहे. त्यातली माणसं तू काढ. माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि लताला अकरा उभा सुटला का ते लवकर लिही.

तुझा,
नाना