एका टाळीचं शुद्धिपत्र

प्रिय साडेसात,

हे नाव वाचून तू पत्र तिथेच घडी घालून ठेवशील, याची मला भीती आहे. पण दुसरं कुठलंही नाव लिहिलं असतं, तर ते पत्र माझं वाटलं नसतं. एकोणीस वर्षांनी लिहितेय. पत्ता तुझ्या वहिनीने दिला. चष्म्याच्या दुकानात भेटली, मी नंबर वाढवून घ्यायला गेले होते आणि ती फ्रेम बदलायला. तिने सगळं सांगितलं. तू आता कपडे बेतायला शिकवतेस, हाताखाली बारा-पंधरा मुली आहेत, गुडघा कुरकुरतो पण ऐकत नाहीस. मी सहज विचारलं, अजून ती गाणी ऐकते का गं? वहिनी म्हणाली, "छे, गाणीबिणी तिने कधीच सोडली." तिला काय माहीत कोणाला सांगतेय! मी दुकानातून बाहेर आले तेव्हा चष्मा तिथेच विसरले होते.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. छापखाना बंद पडला, पण प्रुफं तपासायचं काम सुटलं नाही. आता घरीच, खिडकीशी टेबल टाकून, पडद्यावर दुसऱ्यांच्या चुका शोधते. आमचे हे निवृत्त झालेत आणि दिवसभर घरात असतात, त्यामुळे आपल्या बँडचं काही लावलं की यांचं ठरलेलं वाक्य येतं, की स्वयंपाकघरात मांडणी कोसळली वाटतं. एकेकाळी आई हेच म्हणायची. माणसं बदलली, मांडणी तीच कोसळतेय.

घड्याळवाले काका अजून आहेत. ब्याऐंशीचे झालेत. दुकान पुतण्या बघतो, पण मागची खोली त्यांनी सोडलेली नाही. तीच आपली खोली, तिन्ही भिंतींवर बंद पडलेली घड्याळं आणि मधल्या टेबलावर तो टेपरेकॉर्डर, ज्याचं झाकण काकांनी रबरबँडने बांधलेलं असायचं. रविवारी दुपारी दोन ते पाच आपण सातआठ जण तिथे कोंबून बसायचो आणि एकाच मैफलीची टेप पुढेमागे करत वाद घालायचो. बेसवाला प्रेक्षकांकडे पाठ करून का वाजवतो, हा वाद तर चार रविवार चालला होता. मी म्हणायचे, लाजरा आहे. तू म्हणालीस, तो ड्रमरच्या पायाकडे बघतो, पायाची टाच उचलली की त्याला कळतं पुढचा ठोका कुठे पडणार. पुढच्या कार्यक्रमाला आपण दोघी मुद्दाम बाजूला उभ्या राहिलो आणि बघितलं, तर खरंच तो टाचेकडेच बघत होता. तुझी नजर बेतणाऱ्या बाईची. तू माणसं बघायचीस ती हातापायांपासून.

तो तार तुटलेला कार्यक्रम आठवतो? गिटारवाल्याची वरची तार मधल्या भागात तुटली, आणि तुटलेलं टोक मनगटावर आपटत असताना त्याने सगळी ओळ खालच्या तारांवर नेली, एक स्वर इकडचा तिकडे न होता. लोकांना पत्ताही लागला नाही. तू माझा दंड इतका घट्ट धरलास की दुसऱ्या दिवशी काळानिळा झाला होता. परतीच्या बसमध्ये तू तुझी करंगळी ताणून ताणून मला दाखवत होतीस की त्या पट्टीपर्यंत एवढ्या लांब पोचणं माणसाच्या हाताला शक्य नाही. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी वळून विचारलं, पोरीला लकवा झालाय का? आपण उतरेपर्यंत हसत होतो. तेव्हा इतकं हसायला कारण लागायचं नाही.

पण मला लिहायचंय ते "विहिरी"बद्दल. त्या एकवीस मिनिटांच्या रचनेला हे नाव तूच दिलंस. मधोमध सगळी वाद्यं एकदम थांबतात, आणि दगड टाकल्यावर पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबावं तसं थांबून राहावं लागतं, मग चौघे एकदम कोसळतात. ती शांतता किती मात्रांची, यावरून आपली जन्माची भांडणं. मी म्हणायचे सात. सात मात्रा, आणि मग ड्रमर जरासा दम खातो, तो हिशोबातला नाही, ती त्याची लकब. तू म्हणायचीस साडेसात. अर्धी मात्रा मोजलेली आहे, सोडलेली नाही. मी तुला विचारलं होतं, अर्धी मात्रा कोण मोजतं? तू सुई दातात धरून शांतपणे म्हणालीस, "शिवणीला अर्धा इंच सोडतोच ना आपण? कपड्यात तो दिसत नाही. पण नसला तर बाही जोडली जात नाही." काकांनी त्यांचं थांबघड्याळ काढलं. त्या रचनेची एक मात्रा बरोबर एका सेकंदाची, त्यामुळे निकाल सोपा होता. दहा वेळा मोजलं, दहाही वेळा काटा साताच्या पुढे गेला. मी म्हटलं, काकांचा अंगठा जड आहे. सगळे हसले आणि निकाल राहून गेला. त्या दिवसापासून तू साडेसात झालीस आणि मी सात. कोणी चिडवायचं असलं की तुझी साडेसाती व्हायची.

मग ती मैफल, जिचं ध्वनिमुद्रण होणार होतं. आधीच्या गावांतून आपल्याला निरोप आला होता की बँडने विहीर आणखी खोल केलीय. एका आवर्तनाऐवजी चार आवर्तनं शांतता, दिवे बंद, आणि चौघे कोसळतील त्याच क्षणी सगळ्या सभागृहाने एकच टाळी द्यायची. मोजून. आपल्याला महिनाभर दुसरं काही सुचत नव्हतं. आपण तिसऱ्या रांगेत डावीकडे होतो, डोक्यावर प्रेक्षकांचे आवाज टिपणारा माइक टांगलेला. दिवे गेले. हजार माणसं आणि श्वासाचाही आवाज नाही. मी मोजत होते, साताच्या चार फेऱ्या, अठ्ठावीस. तुझ्याकडे बघितलंही नाही, कारण मला तुला दाखवून द्यायचं होतं. अठ्ठावीस संपल्या आणि मी टाळी वाजवली.

एकटीने. त्या अंधारात ती थप्पड मारल्यासारखी वाजली. तू माझे दोन्ही हात तुझ्या हातात पकडलेस, आणि त्यानंतर दोन मात्रांनी ते चौघे कोसळले, सभागृह कोसळलं, सगळे नाचायला लागले. चार अर्ध्या म्हणजे दोन. तुझं गणित तिथेच सिद्ध झालं होतं आणि पुरावा मीच दिला होता. बाहेर आल्यावर तू त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. माझ्या गळ्यात हात टाकून तार लावायच्या नव्या पद्धतीबद्दल बोलत राहिलीस. तुझ्या जागी मी असते तर गावभर दवंडी पिटली असती.

आठ महिन्यांनी मुद्रण बाजारात आलं आणि त्यात ती टाळी होती. स्वच्छ, ठणठणीत, दोन मात्रा आधी. देशोदेशीचे चाहते विचारायला लागले की हा कोण अडाणी. आपण सातआठ जण चाहत्यांसाठी काढायचो त्या चार पानी पत्रकाची संपादिका मी होते. वाचकांच्या पत्रांत तोच प्रश्न आला, आणि खाली संपादकीय उत्तराची एक ओळ लिहायची होती. मी लिहिलं, "ती टाळी आमच्या साडेसातची." गंमत म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. गंमत नव्हती ती. दोन वर्षं मी सात म्हणून छाती पुढे काढून भांडले होते, आणि टाळी माझी म्हटलं असतं तर सातही गेलं असतं आणि अब्रूही. सगळ्यांना ते पटलंही, कारण अर्ध्या मात्रेचं वेड तुझंच होतं, आणि टाळी कितव्या मात्रेवर पडली हे कोणी मोजून बघितलंच नाही. त्या रविवारी तू आलीस तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी मिळून एक टाळी वाजवली. तू माझ्याकडे बघितलंस. मी रबरबँड सोडवत बसले. तू संपूर्ण टेप ऐकलीस, चहा प्यायलीस, पेले विसळून ठेवलेस आणि गेलीस. पुढच्या रविवारी तुला शिवणाचं काम निघालं. त्याच्या पुढच्याही.

साडेसात, मी आयुष्यभर शुद्धिपत्रं छापली. पत्रकात तारेची जाडी चुकली, तर पुढच्या अंकात चौकट. वादकाचं वय एका वर्षाने चुकलं, चौकट. तुझ्याबद्दलच्या ओळीची चौकट मी दर अंकाला लिहायचे आणि जागा कमी पडली म्हणून काढायचे. चार पानांत काय मोठी जागा लागणार होती! काका अजूनही विचारतात, "साडेसात येत नाही का गं हल्ली?" हल्ली म्हणे. मी सांगते, तिला काम आहे. लाज वाटते, पण सांगते.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात काकांच्या दुकानाच्या पत्त्यावर पत्रकाच्या संपादिकेच्या नावे एक पत्र आलं. बँडचा ध्वनितंत्रज्ञ त्या मैफलीचं मुद्रण नव्याने काढतोय, आणि टाळी आपल्यातल्या कोणाची हे त्याला पत्रकाच्या जुन्या अंकातून कळलं होतं. त्याने लिहिलं होतं की नव्या यंत्रांनी ती चुकलेली टाळी सहज पुसता येते. तुमच्यापैकी कोणाची असेल त्यांची हरकत नसेल, तर पुसतो, पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत कळवा. खरं सांगते, एक अख्खा दिवस मला इतकं हलकं वाटलं! टाळीच नाही तर खोटंही नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याने पाठवलेला तुकडा ऐकला, आपल्या डोक्यावरच्या एकट्या माइकचा, धुऊन पुसून साफ केलेला. त्याने लिहिलं होतं, टाळीनंतर कोणीतरी बाई काहीतरी पुटपुटते, काय ते आम्हाला लागत नाही. मला लागलं. तू माझे हात धरले होतेस आणि अगदी हळू, मुलाला झोपेत समजवावं तसं म्हणत होतीस, "थांब, अजून दोन." तेव्हा मला ते ऐकूच आलं नव्हतं, कानात नुसती लाज भरली होती. एकोणीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला तो असा. आमचे हे धावत आले, मांडणी खरंच कोसळली का बघायला. मी रडत होते.

टाळी पुसली तर त्याच जागचा तुझा आवाजही जाईल, दोन्ही एकातएक आहेत. म्हणून मी त्याला अजून कळवलेलं नाही. टाळी माझी असली तरी एकोणीस वर्षं ती तू वागवलीस, तेव्हा ठेवायची की पुसायची हे तू सांगायचंस. ठेव म्हणालीस तर नव्या मुद्रणासोबतच्या पुस्तिकेत चाहत्यांसाठी दोन ओळींची जागा तो देणार आहे, आणि मजकूर मी लिहून ठेवलाय. प्रुफं तीनदा तपासली आहेत. "शुद्धिपत्र : 'ती टाळी आमच्या साडेसातची' याऐवजी 'ती टाळी संपादिकेची. साडेसातचं मोजणं बरोबर होतं' असे वाचावे." पुस म्हणालीस तरी हीच चौकट काकांच्या खोलीत भिंतीवर लावणार आहे, थांबघड्याळाच्या शेजारी. तो तुकडा सोबत पाठवतेय. गाणी सोडली असलीस तरी एवढा एक ऐक, अर्ध्या मिनिटाचा आहे. मग मला एका शब्दात कळव, ठेव किंवा पुस. मी थांबलेय, आणि या वेळी तुझ्याआधी हात उचलणार नाही.

तुझीच,
अर्ध्याने चुकलेली सात