सरळ जाणारी गाडी

अब्बा, तुम्ही वीर स्टेशनवरून रिक्षा करून आलात त्या दुपारी अम्मी दारात तांदूळ पाखडत बसली होती. तुम्ही येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एरवी तुम्ही सुटीवर यायचात तेव्हा कितीतरी आधी एसटीडी बूथवर निरोप यायचा, मामू जीप घेऊन स्टेशनवर जायचा, टपावर दोरीने बांधलेली खोकी यायची आणि आपल्या महाडच्या गल्लीत ती उतरवायला चार माणसं धावायची. या वेळी खांद्याला एकच बॅग. अम्मीने सूप खाली ठेवलं आणि खुशाली न विचारता आधी विचारलं, "किती दिवस?" तुम्ही वाकून चप्पल काढलीत, उभे राहताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला, आणि म्हणालात, "आता इथंच." का, ते सांगितलं नाहीत. अम्मीने माझ्याकडे पाहिलं, मी अम्मीकडे. आमच्या घरात संशय त्या मिनिटाला आत आला.

मला तुमची ओळख तरी किती होती? मी रांगत होते तेव्हा तुम्ही आखातात गेलात, आणि आता मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तिथल्या बंदरावर तुम्ही मोठा ट्रेलर चालवता, एवढं माहीत. बाकी तुम्ही म्हणजे कॅसेटमध्ये भरून पाठवलेला आवाज. असा माणूस एक दिवस घरात राहायला येतो, आणि त्याचं वागणं विचित्र असतं. अम्मी चुलीपासून उठून तुमच्या शेजारी येते, चहाचा पेला पुढे करते, तुम्ही घेत नाही. समोर बघत बसता. ती तशीच उभी. मग पेला जमिनीवर ठेवून स्वयंपाकघरात जाते आणि मला हळूच म्हणते, "बघितलंस गो? माझ्या हातचा चहापन नको झालाय यांना." गल्लीतले म्हातारे बाजूने सलाम करायचे, तुम्ही न बोलता पुढे. "गल्फचा माज हाय," लोक म्हणाले. दिवस कलला की तुम्ही घरात. दिवेलागणीच्या, मगरिबच्या नमाजालाही मशिदीत जायचा नाहीत, घरीच पढायचात. कुणाला तोंड दाखवायचं टाळताय, असा आम्ही अर्थ लावला. कुणी म्हणे तिकडे चोरीचा आळ आला, कुणी म्हणे मारामारी झाली. अम्मीचा अंदाज ठरलेला होता: तिकडे दुसरी बाई आहे. बोलताना तुम्ही डोळ्याला डोळा देत नाही, हा तिचा पुरावा.

मग तुम्ही ती बॅग उघडलीत. कपडे थोडेच होते. मधोमध टॉवेलात गुंडाळलेला एक रिमोट, पिस्तुलासारखी मूठ आणि घोडा असलेला. त्याचा रिसीव्हर, चाकं वळवणारी छोटी मोटर, वेग कमीजास्त करणारं एक सर्किट. पडवीत गोणपाट अंथरून तुम्ही बसलात आणि म्हणालात, "गाडी बनवायची हाय." कसली? तर बंदराच्या मागे मोकळ्या तळावर दर शुक्रवारी तिथली श्रीमंत घरची मुलं अशा गाड्यांची शर्यत लावायची. वळणं नाहीत, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, इशारा झाला की सुटायचं, थोड्याशा अंतरात जी पुढे ती जिंकली. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं संपतं. तुम्ही सुटीच्या दिवशी तिथे उभे राहून बघत बघत त्यांच्या गाड्या दुरुस्त करायला शिकला होतात. अम्मीने हे सगळं ऐकून घेतलं आणि आत येऊन म्हणाली, "खेळणं बनवतायत. कुणासाठी? विचार जरा." तिच्या मनात काय आलं ते मला कळलं. बाई असेल तर मूलही असेल. बहुतेक मुलगा.

म्हणून मी पडवीत येऊन बसायला लागले, अब्बा. तुम्हाला वाटलं असेल पोरीला आवड लागली. मी मदतीला नव्हते, पहाऱ्याला होते. पण पहारा करताकरता हातही कामाला लागले. खिडक्यांना लावतात त्या अॅल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या तुम्ही सांगाड्याला आणल्यात. बिघडलेल्या बिनवायरच्या ड्रिलमधून मोटर, तिचे गिअर आणि बॅटरीचे सेल काढलेत. ते सेल एकाला एक जोडून मी कथलाचे डाग दिले. पहिल्यांदा माझं बोट भाजलं तेव्हा तुम्ही उठून आतून पाणी आणलंत आणि येताना माझ्या शेजारचा खिळ्यांचा डबा पायाने उडवलात. आम्ही दोघं गोणपाटावर रांगत खिळे वेचत होतो. तुम्हाला माझ्यासमोरचा एकेक खिळा बरोबर दिसत होता आणि तुमच्या गुडघ्याशेजारचे चार दिसत नव्हते. मला वाटलं, मन इथे नाही यांचं.

मागची चाकं रबरी स्लिपरच्या तळाची. गोल चकत्या कापून एकावर एक चिकटवायच्या, दुसऱ्या, चालू ड्रिलवर फिरवत कानशीने घासायच्या. घरभर काळी भुकटी, आणि अम्मीची बडबड. पुढची चाकं पातळ, हलकी. त्यात जुन्या व्हीसीआरमधली बारीक बेअरिंगं. वरचं अंग टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचं कोरून त्यावर मैद्याच्या खळीने कागद लावले. पहिल्यांदा मोटर चालू केली तर गाडीचं तोंड वर उठून ती पाठीवरच पडली. तुम्ही केवढ्याने हसलात! त्या घरात तुमचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला ते आवडलं, म्हणून स्वतःचाच राग आला. मग मागे दोन बारीक चाकांची शेपटी लावली, सेल पुढे सरकवले. तोंड उठायचं थांबलं. आता गाडी डावीकडे ओढत होती.

तिथे तुम्ही अडलात. रोज तेच. मागच्या चाकांचा दांडा सांगाड्याला काटकोनात आहे का, म्हणून एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा धरायचा, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना तोच दोरा. केसभर फरक निघाला की सगळं खोलायचं. मी कंटाळून म्हटलं, "अब्बा, रिमोटवर वळवता येतेच की. थोडी ओढली तर काय?" तुम्ही मान हलवलीत. "वळवायला लागता नये. हातातून सुटली की सरळ गेली पायजे." मी तेवढ्यात विचारून टाकलं, "कुणासाठी बनवताय?" तुम्ही दोरा गुंडाळत राहिलात. मी आत जाऊन अम्मीला सांगितलं, की विचारलं आणि ते गप्प बसले. अम्मीने भाकरी तव्यावर अशी टाकली की राख उडाली.

त्याच सुमारास मामूने जीपची गोष्ट काढली. महाड-पोलादपूर वडाप करायला, म्हणजे माणसं भरून फेऱ्या मारायला, त्याची दुसरी जीप उभी होती, बाजाराच्या दिवशी वर घाटात कुडपणच्या बाजूलाही सोडायची होती. चालवायला भरवशाचा माणूस हवा. तुम्ही लगेच हो म्हणालात. मामू मात्र अम्मीचा भाऊ; संशय त्यालाही होताच. "दुल्हेभाई, परत का आलात ते आधी सांगा. मग चावी देतो." तुम्ही म्हणालात, "हात बघायचा हाय ना माझा? तुझी ती डब्यातली गाडी काढ." मामूच्या मुलासाठी कुणीतरी दुबईहून तयार गाडी आणली होती, चकचकीत, लाल. मामू हसला. "काढतो. तुमची पुढं गेली तर चावी तुमची. काय एक विचारनार नाय."

कारखान्यांच्या वसाहतीतला तो सुटीचा दिवस मला अजून तसाच दिसतो. लांब सपाट डांबर, दोन्ही बाजूंना बंद फाटकं, हवेत कसलासा आंबूस वास. मामूने खडूने दोन रेघा मारल्या. अम्मीसुद्धा आली आहे, जीपच्या सावलीत ओढणी नाकाला लावून उभी आहे. सगळे रस्त्याकडे बघतायत. मी तुमच्याकडे बघतेय, कारण माझा पहारा संपलेला नाही. लाल गाडीचा रिमोट मामूच्या मुलाकडे. मामू आकडे मोजतो, गाड्या सुटतात. लाल गाडी तिथल्या तिथे चाकं फिरवत राहते आणि तुमची निघते, दोऱ्यावरून जावी तशी, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. पलीकडची रेघ केव्हा ओलांडली कळलंही नाही. तुम्ही बोट काढलं नाहीत. तिला आणखी पळू दिलंत. तेवढ्यात डावीकडच्या बोळातून दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला निघाला. मामू ओरडला, अम्मी ओरडली. तो सगळ्यांना दिसतोय, चांगला हळूहळू येतोय. आणि तुमच्या चेहऱ्यावर काहीच नाही. ओरडणं म्हणजे शाबासकी वाटून तुम्ही हसताय.

गाडी सायकलच्या पुढच्या चाकात घुसली. माणूस पडला, दूध डांबरावर पसरलं. त्याचा गुडघा फुटला होता. मामू धावत गेला, त्याला उठवलं आणि तिथूनच तुमच्यावर ओरडला, "डोळे फुटले काय तुमचे?" रागात कुणीही म्हणेल तसं तो म्हणाला. पण तुमचा चेहरा पांढरा पडला, आणि तो मी बघत होते. पेला, सलाम, खिळ्यांचा डबा, संध्याकाळी घरात बसणं, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

मामू शब्दाचा पक्का. संतापलेला असूनही घरी आल्यावर त्याने चावी दिली. "उद्यापासून या," म्हणाला आणि गेला. तुम्ही चावी खिशात घातलीत आणि पडवीत मोडकी गाडी मांडीवर घेऊन बसलात. मी तुमच्या शेजारी बसले आणि माझा हात तुमच्या कानापासून सावकाश पुढे आणायला लागले. तो अगदी नाकासमोर आला तेव्हा तुम्ही दचकलात आणि माझं मनगट धरलंत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तीन वर्षं झाली असतील. पाइपातून बघावं तसं दिसतं गो. समोरचं लख्ख. कडेचं गेलं. अंधार पडला की तर कायच नाय." मांडीवरच्या गाडीकडे बघत म्हणालात, "कंपनीच्या डाक्टरनं पकडलं. ट्रेलर काढून घेतला."

"आणि जीप चालवणार?"

"रस्ता समोरच असतो."

"पोरं कडेनं येतात, अब्बा."

तुम्ही माझं मनगट सोडलं नाहीत. "घरात बसून मी करू काय? तुझ्या आईला नको सांगूस."

मी म्हटलं, "तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते." घाटातली ती वळणं, जीपच्या मागे लोंबकळणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती. तुम्ही उठलात, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेलात आणि अम्मीसमोर बसून सगळं सांगितलंत. अम्मी आधी हसली, ओढणीने तोंड दाबून, मोठ्याने. "मला वाटलं दुसरी हाय तुमाला." मग तिने ओढणी तोंडावरून काढली. "दुसरी असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "तिच्याशी भांडले असते मी." चावी तिनेच मामूला परत नेऊन दिली, आणि कारणही तिनेच सांगितलं. मामू आला तो दारातच उभा राहून रडला.

जीप दुसऱ्याने चालवली. तुम्ही त्याच्या शेजारी बसायचात, स्टँडवर उभे राहून "पोलादपूर, पोलादपूर" ओरडायचात, आणि तुमच्या आवाजाला माणसं गोळा व्हायची. गाडी आपण पुन्हा बांधली. शुक्रवारी वसाहतीत जायचो, तुम्ही समोर बघायचात, मी दोन्ही बाजूंना बघून सांगायची, "डावीकडून कुत्रं, थांबा... हं, सोडा." मग तो पाइपही बारीक होत गेला. गाडीच्या आवाजावरून ती सरळ गेली का, हे तुम्ही मलाच विचारायचात. शेवटच्या वर्षी ती ओढायला लागली होती, तरी मी सरळ गेली म्हणायची. तुम्ही मान हलवायचात. तुमचा विश्वास बसायचा की नाही, मला शंकाच आहे.

तुम्हाला मुंबईला दाखवायला नेलं तेव्हाच तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे रक्तात असतं, मुलीचे डोळे दरवर्षी बघत चला. तुम्ही गेल्यानंतरही मी नेमाने जात आले. पोलादपूरच्या शाळेत शिकवते, मे महिन्याच्या सुटीत जायचं ठरलेलंच असतं. दरवेळी ठीक निघतं. अम्मी आता थकली आहे. तिला तुमच्या गोष्टी ऐकायला आवडतात, तिला वाचून दाखवीन म्हणून हे लिहायला घेतलं. पण आता नाही दाखवणार. घडी करून माझ्याच कपड्यांत ठेवते. या वर्षी मी डोळे दाखवायला गेले नाही, अब्बा. सुटी होती, गाडीभाडं होतं, मामू सोबत यायला तयार होता. भीती वाटली, म्हणून गेले नाही. आणि अम्मीला सांगितलं आहे की जाऊन आले.