भूपेशच्या हळदीचा कारभार तुझा

तेजस्वी,

मी सोनिवलीला बहिणीकडे जाते आहे. रागावून नाही. काल मंडपवाला, आचारी, सगळे तुला ओलांडून मलाच विचारत होते आणि मीही उत्तरं देत बसले. आज मी घरात राहिले, तर दिराच्या हळदीसाठी राबशील तू आणि नाव होईल सासूचं.

बँजोवाल्यांना आधी जेवू घाल. तुझ्या-दिपेशच्या लग्नात मी त्यांना शेवटी वाढलं, तर ऐन नाचात त्यांनी वाजवायचं थांबवलं. माझ्या भावाच्या, मधुमामाच्या हातात माइक दे. बोलण्याच्या नादात रुसायचं विसरेल. बाकी तुला मी काय सांगणार? म्हाताऱ्या पाहुण्यांच्या खुर्च्या स्पीकरपासून लांब, पंख्याजवळ मांडायचं तुला पहिल्याच कार्यात सुचलं. मला चाळीस वर्षांत सुचलं नाही. कुणी काही विचारलं तर दिपेशकडे बघू नकोस, तूच सांग.

संध्याकाळी मी पाहुणी म्हणून येईन. पहिल्या पंगतीत माझं पान मांड. घरच्या कार्यात गरम भात कसा लागतो, ते मला अजून माहीत नाही.

आई