पुसदच्या अंगणातला वाल

अब्बा,

या वर्षीही वाल आला नाही. सात बिया लावल्या, दोनच उगवल्या. एक कोंब अळीनं जमिनीलगत कापला, दुसरा मांडवापर्यंत चढला आणि फुलावर न येताच पिवळा पडत गेला. काल तो उपटला. तुमच्या बियाण्यातलं आता काहीच उरलं नाही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण हे सांगावं असं मला दुसरं कोणी नाही.

दारव्ह्याच्या घरामागे, धुण्याच्या दगडाला लागून तुमचा वाल असायचा. तुम्ही काम करायचात त्या गॅरेजमधल्या जुन्या क्लच वायरी ताणून केलेला मांडव, वेल बांधायला फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या. सकाळी कामावर जाण्याआधी तुम्ही तिथे उकिडवे बसायचात, पानं उलटून माव्याची कीड बघायचात, दवात भिजलेल्या पानांवर चुलीची राख उडवायचात. घरात आपण हिंदी बोलायचो, पण वालाजवळ तुमच्या तोंडी वऱ्हाडीच यायची. शेतीचं जे काही येत होतं ते तुम्ही गॅरेजवर जीप घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांकडून त्याच बोलीत शिकला होतात. "काहून रे, सुकून राह्यला?" असं वेलाला विचारायचात आणि अम्मी स्वयंपाकघरातून हसायची. एकदा मी त्याची जांभळी फुलं तोडून वेणीत माळली. तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या डोक्याकडे बघून म्हणालात, "एक फूल म्हणजे एक शेंग, बेटा. आज तू साऱ्या घराची भाजी डोक्यात घालून फिरून राह्यली." त्या दिवशी मी जेवायलाही पुढे आले नाही.

मला पुसदला शाळेत नोकरी लागली तेव्हा तुम्ही स्पार्क प्लगच्या रिकाम्या खोक्यात बी घालून दिलं. "पाणी बेतानं दे. वाल तहानेनं मरत नाही, पाण्यानं मरते." अम्मी गेल्यावर तुम्हाला माझ्याकडे आणलं, तोवर तुम्हाला विसर पडू लागला होता. मी शाळेत गेले की तुम्ही वालाला पाणी घालायचात. घातलेलं विसरायचात, पुन्हा घालायचात. शेजारीण सांगायची, दिवसभर तुमच्या हातात बादलीच असते. दिवाळीनंतर, वेल फुलांनी भरलेला असताना, मुळं कुजली. एका दुपारी मी घरी आले तर अंगणात चिखल, वेल मांडवावरून लोंबतोय आणि तुम्ही ओल्या पायजम्यात उभे, बादली पुन्हा भरून. मी दारातूनच ओरडले, "मारून टाकलं ना शेवटी! मारून टाकलं तुम्ही!"

तुम्ही बादली खाली ठेवलीत. "कोणाले मारलं मी?"

मी आत जाऊन दार लावून घेतलं.

वेल तुम्ही दोन दिवसांत विसरलात. घर विसरलात, माझं नावही कधी कधी. पण माझं ते ओरडणं तेवढं तुमच्यात राहिलं. दूधवाला आला की त्याला विचारायचात, "भाऊ, मी कोणाले मारलं का?" शेजारणीला विचारायचात. मला, मी घास भरवताना, हळूच विचारायचात. मी म्हणायचे, "नाही अब्बा, वाल होता तो. वेल होता." तुम्ही मान हलवायचात, घास गिळायचात आणि पुन्हा विचारायचात. एकदा म्हणालात, "तुझ्या अम्मीले तं नाही ना मारलं?" त्यानंतर तुम्ही अंगणात पाऊल ठेवलं नाही. पाण्याचा पेलाही हातात घेईनात. मी ओठाला लावला तरच प्यायचात. थंडी संपायच्या आत गेलात, आणि शेवटपर्यंत तुम्हाला वाटत राहिलं की आपल्या हातून कोणाचा तरी जीव गेला. मी ते कितीदा पुसायला गेले, पुसलंच गेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. टाकायचं असतं तर पुढचं लिहिलंच नसतं. तुम्ही गेलात त्या सकाळी लोक म्हणाले, पोरगी दगड झाली, रडतसुद्धा नाही. मी दगड झाले नव्हते, अब्बा. मला हायसं वाटत होतं.