चेहरा बंद होईपर्यंत

६ ऑक्टोबर, सोमवार

पोहोचलो एकदाचे. लोहा शहराहून आलेल्या बसमधून उतरल्या उतरल्या लुसेरोने जाहीर केलं की किटोची हवा पातळ आहे, पण इथले पानात वाफवलेले क्विंबोलितो केक आपल्याकडच्यापेक्षा गोड आहेत, तेव्हा राहायला हरकत नाही. नऊ वर्षांच्या मुलीने परवानगी दिल्यावर आईने आणखी काय विचार करायचा!

कारखान्याच्या वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या आहेत. ढग नसले की खिडकीतून पिचिंचा ज्वालामुखी दिसतो. खाली अंगण आणि अंगणापलीकडे कामाची खोली. ती जुन्या लाकडी संतांनी भरलेली आहे. कुणाला हात नाही, कुणाचं नाक उंदरांनी नेलेलं. इतकी वर्षं कॉलेजात मी या मूर्तींचा इतिहास शिकवला. कॉलेज बंद पडलं तेव्हा लक्षात आलं की आपल्याला हाताने काहीच येत नाही. मग या वयात मूर्तिदुरुस्ती शिकले, आणि आज त्या हातांना नोकरी मिळाली. संध्याकाळी लुसेरो अंगणात उभी राहून मोठमोठ्याने गात होती. दम्यामुळे मध्येच धाप लागायची, थांबायची, पुन्हा तिथूनच उचलायची. मी तिला गप्प केलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मास्तर एलिओदोरो फारसं बोलत नाहीत. आज बोलले ते नियम सांगण्यापुरतं. अवघड काम आधी. कॉफीच्या आधी, रामरामाच्याही आधी. इथलं अवघड काम म्हणजे डोळे. मूर्तीचा चेहरा कानांच्या पुढून करवतीने कापून मुखवट्यासारखा काढायचा, आतल्या बाजूने काचेचे डोळे मेणात बसवायचे, कडेला गरम सरस लावून चेहरा परत चिकटवायचा आणि सरस धरेपर्यंत हाताने दाबून ठेवायचा. चेहरा निघाल्यापासून बंद होईपर्यंत उठायचं नाही, बोलायचं नाही, मागून हाक आली तरी वळायचं नाही. फोन दाराजवळच्या मडक्यात. चेहरा बंद झाला की मग रेडिओ, कॉफी, टवाळक्या, काय हवं ते.

मला हा नियम आवडला. मी स्वभावाने आधी पेन्सिलींना टोक काढत बसणारी. कुणीतरी दटावणारं हवंच होतं.

सोन्याचा वर्ख लावणारी निएवेस मात्र मला पाहून खूश नाही. ही जागा तिच्या भाच्याला मिळायची होती म्हणे. मी आत गेले तर म्हणाली, या प्राध्यापिकाबाई, खुर्ची पुसून देऊ, की पदवीनेच पुसणार? मास्तर हसले नाहीत, पण तिला थांबवलंही नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पहिला चेहरा जमला. एक म्हातारा संत, दोन्ही डोळे सरळ बसले. सरस धरेपर्यंत उठले नाही. नंतरच्या कॉफीची चव वेगळीच लागली. उरलेला दिवस नुसता उताराचा.

मागून हाक आली तरी वळायचं नाही, हे का, असं विचारलं. मास्तर म्हणाले, उघडं डोकं म्हणजे रिकामं घर. मालकाचं लक्ष नसलं की कुणीही येऊन बसतं. मी हे वाक्य लिहून घेणार होते, तर निएवेस खिदळली. म्हणाली, घ्या घ्या, परीक्षेत येईल.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज माझ्या हातून चूक झाली. जशी घडली तशीच लिहिते, स्वतःला सूट न देता.

एका मठातून आलेला देवदूत समोर होता, चेहरा लहान मुलीचा. तो चेहरा काढून मी पालथा ठेवला होता. मडक्यात माझा फोन वाजायला लागला. थांबला, परत वाजला, परत. मला लुसेरोचा दमा आठवला. उठले. शाळेचा फोन पाहून थेट विचारलं, लुसेरोला काय झालं? काहीच झालं नव्हतं. शुक्रवारी नाचाचे कपडे पाठवा, एवढाच निरोप.

परत आले तर मास्तर आणि निएवेस बाकापासून लांब उभे होते. मास्तरांनी एकच विचारलं, फोनवर पोरीचं नाव घेतलंस का? हो म्हटलं. त्यांनी देवदूताच्या उघड्या डोक्यावर फडकं टाकलं. आता हे बंद करायचं नाही, म्हणाले. आत जो असेल तो आतच राहील. निएवेस म्हणाली, एक फोन वाजला तर पळत सुटली, हिचं काळीज मडक्यातच ठेवायला हवं होतं.

आई म्हणून उठले, त्यात चूक काय? पण नियम मला माहीत होता. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही मिळून काही हलकं होत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दुसरी मूर्ती घेतली होती. चेहरा निघाला आणि मागून हाक आली, "आई!" लुसेरोची. मी वळले. मागे फडक्याखालचा देवदूत, बाकी कुणी नाही. लुसेरो शाळेत होती.

तिघांनीही ऐकलं होतं. निएवेसच्या हातातला वर्ख चुरगळला. वळलीस? म्हणाली. झालं, आता त्याला कळलं तू कुणासाठी उठतेस.

संध्याकाळी लुसेरोचा घसा बसलेला. मी तिला गरम पानेला, म्हणजे गुळाचं पाणी, पाजलं.

२० ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे, श्वास ठीक आहे, आवाज का नाही ते सांगता येत नाही.

मला सांगता येतं. शुक्रवारी मी दोनदा वळले, आज एकदा. दर वेळी घरी तिचा आवाज आणखी बारीक होतो आणि फडक्याखालचा भरत जातो. न वळण्याचा निश्चय करूनच बसते. पण हाक रडकी असते. रडक्या हाकेला मान आपोआप फिरते, मला विचारत नाही.

कानांत मेण घालून पाहिलं. हाक मेणातून येते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आज लुसेरोने ओठ हलवले आणि काहीच आलं नाही. तिने नखाजवळ कुरतडून जखम केलेलं बोट स्वतःच्या गळ्याला लावलं आणि माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काहीतरी उचलून लपवून ठेवलंय.

खाली खोलीत तिचं गाणं चालू होतं. धाप न लागता.

सामान बांधलं. निएवेस दारात आडवी आली. जा की, म्हणाली, पोरगी नेशील, आवाज इथेच राहील, आम्ही रेडिओऐवजी लावू. मी तिला मारायला हात उचलला. माझा हात. तिने तो धरला आणि पहिल्यांदाच हसली नाही. म्हणाली, मूर्ख बाई, सामान सोड आणि काम पुरं कर.

२२ ऑक्टोबर, बुधवार

मास्तरांनी उपाय सांगितला. देवदूताच्या डोक्यात जे बसलंय ते मला हाक मारायला बाहेर पडतं. तेवढा वेळ डोकं रिकामं. तेवढ्यात देवदूताचा चेहरा बसवायचा आणि सरस धरेपर्यंत वळायचं नाही. परत आत जाता आलं नाही की ते विरून जातं आणि आवाज ज्याचा त्याला मिळतो.

मी विचारलं, आणि रिकाम्या डोक्यात भलतंच कुणी शिरलं तर? ते म्हणाले, आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मग सरसाचं भांडं ढवळत राहिले.

उद्या. हेच आधी. लुसेरो वर राहील, निएवेस आतून कडी लावून तिच्यापाशी बसेल. मी आभार मानले तर म्हणाली, तुझ्यासाठी नाही, त्या गाण्याने माझं डोकं उठलंय.

२३ ऑक्टोबर, सकाळ

बाकावरून लिहिते आहे. मास्तर म्हणाले, नजर कुठेतरी बांधून ठेव. वहीला बांधली आहे. समोर ते शेगडीपाशी उभे.

मागून गाणं सुरू झालं. ते बाहेर आलं.

देवदूताचा चेहरा बसवला. डाव्या हाताने दाबला आहे, उजव्याने लिहिते.

हाक. वळले नाही.

रडते आहे. म्हणते, आई, पाय दुखतात, आई, भूक लागली. लुसेरोसारखीच — लुसेरो नाही. लुसेरो वर आहे. लुसेरो वर आहे.

वरून निएवेस ओरडली. काहीतरी पडलं. कडी —

जिन्यावर पावलं. अनवाणी. अंगणात. दार.

मास्तर माझ्याकडे पाहत नाहीत. माझ्या मागे पाहताहेत. ऊठ, म्हणतात. मास्तर म्हणतात, ऊठ! त्यांनी कधी कुणाला कामावरून —

हा नियम आहे की नियमाची परीक्षा? मी एकदा उठले म्हणूनच हे झालं. आता नाही. लुसेरो, आता नाही, थोडंच राहिलं —

मागे कुणी हाक मारत नाही. रडत नाही. नुसती धाप. दम्याची. मग तीही नाही.

सरस धरला. हात काढते —

खांद्यावर हात. लहान. तिचाच, नखाजवळची जखम दिसते. आणि कानाशी गाणं, एका दमात, न थांबता.

आणि लाकडातून धाप येते आहे. माझ्या तळहाताखालून. म्हणते, आई, इथे अंधार आहे.

चेहरा हलत नाही. नखांनी निघत नाही. मास्तर पळाले. करवत — करवत मागच्या भिंतीवर आहे. म्हणजे मला वळावं ला