ध्रुवने न धरलेला धोका

झिंडेलफिंगेन,
१७ नोव्हेंबर २००५

ती. आईंना नीलिमाचा नमस्कार.

तुमचं गुडघ्याचं दुखणं कमी असेल अशी आशा करते. इथे थंडीने आतापासूनच उच्छाद मांडलाय. अन्वीचा खोकला गेला. शाळेतली मुलं दरवर्षी कंदील घेऊन मिरवणूक काढतात, त्यासाठी तिने कागदाचा कंदील केला, पण मिरवणुकीला जायचं नाही म्हणाली. मीही आग्रह केला नाही.

तुम्ही फोनवर येत नाही, म्हणून लिहितेय. शुभावन्संनी तुमचा निरोप दिला: कारखान्यात चूक कोणाची झाली त्याचं नाव कळेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही. मी इथल्या लोकांना पाठीशी घालतेय असं तुम्हाला वाटतं. आई, घालत असेन, पण इथल्या लोकांना नाही.

ध्रुवचं काम तुम्हाला नीट कधी सांगितलंच नाही आम्ही. धोक्यांचं विश्लेषण. त्याचं जर्मन नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. कामगार, फोरमन, दुरुस्तीवाले सगळ्यांना एका टेबलाशी बसवून हा विचारत राहायचा, "बरं, हे बंद नाही पडलं तर? कोणी घाईत आत शिरलं तर? कोणी विसरलं तर?" लोक वैतागायचे. घरीही तेच. अन्वीच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्यासुद्धा पडद्यापासून लांब.

त्याचा उपयोग काय, ते मला युसुफने सांगितलं. वेल्डिंगच्या रोबोवर काम करतो तो. ध्रुव गेल्यावर भेटायला आला. म्हणाला, मागच्या वर्षी पडलेला तुकडा उचलायला तो रोबोभोवतीच्या जाळीच्या आत शिरला, तेव्हा दारातल्या प्रकाशाच्या पडद्याने रोबो जागच्या जागी थांबवला. तो किरणांचा पडदा, कोणी ओलांडला की यंत्र थांबवणारा, ध्रुवने भांडून बसवून घेतला होता. "मी त्या दिवशी घरी जाऊन जेवलो," एवढंच बोलला आणि रडायला लागला. मी त्याला चहा करून दिला.

आता तुम्ही विचारलेलं.

दुरुस्तीच्या वेळी रोबो चालता ठेवायला एक किल्ली असते. ती फिरवली की पडदा काम करत नाही. ती कोणी तशीच विसरेल हे ध्रुवच्या विश्लेषणात होतं. म्हणूनच किल्ली फिरवलेली असली की पेटणारा पिवळा दिवा दारावर लावला होता आणि दिवा बघितल्याशिवाय कोणी आत जायचं नाही असा नियम होता. त्या दिवशी दुरुस्तीवाला किल्ली विसरला. दिवा लागलेलाच होता.

आणि ध्रुव पाहुण्यांना रोबो दाखवत होता. दरवेळी तो स्वतःच आत पाऊल टाकून दाखवायचा, बघा, थांबतो की नाही. कुटुंबांना बोलावलं होतं तेव्हाही त्याने हेच केलं होतं, आणि अन्वीने टाळ्या वाजवल्या होत्या. माझाही ऊर भरून आला होता. त्या दिवशी त्याचं तोंड पाहुण्यांकडे होतं आणि दिव्याकडे पाठ. रोबो थांबला नाही.

विसरणारा, घाई करणारा, थकलेला, नवखा, सगळे त्याने हिशेबात धरले होते. आपण केलेल्या व्यवस्थेवर पुरता विश्वास असलेला माणूस त्याने धरला नव्हता. टेबलाशी बसलेल्यांपैकी कोणालाच तो सुचला नाही. जे सुचत नाही ते विश्लेषणात येत नाही, आई. किल्ली विसरणाऱ्याला शिक्षा होईल, पण ती चूक ध्रुवने धरलेलीच होती.

तुम्हाला नाव हवं होतं. मला ते लिहवत नव्हतं, म्हणून इतके दिवस गप्प बसले. ते त्याचंच आहे.

अन्वी जर्मनमध्ये विचारते, बाबाने दिवा का नाही बघितला? आणि माझ्या उत्तराची वाटही न बघता खोलीत जाऊन दार लावून घेते.

आई, तुम्ही इकडे या. माझ्याशी बोलू नका हवं तर. मी त्याच्यावर फार, फार रागावलेय, आणि माझ्याबरोबर त्याच्यावर रागवायला दुसरं कोणी नाही. एकटीने रागवलं की वाटतं, मी त्याच्यावर प्रेमच केलं नाही.

तुमची सून, अजूनही,
नीलिमा